वल्हे आणि वेग : कॅनू व कयाक शर्यतींवरील एक समवाय पाठ

(इयत्ता ६ वी व ७ वी. संबंधित विषय : सामान्य विज्ञान, भूगोल, अंकगणित व शारीरिक शिक्षण. तासिका : ३)

पाठाची भूमिका

नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंज हे नाव विदर्भातील बहुतेक खेड्यांना परिचित आहे. नावाप्रमाणेच ही लाकडाची पेठ होय. जंगलातील सागाचे ओंडके अशा पेठांत येतात, आरागिरण्यांत त्यांच्या फळ्या होतात, आणि त्या फळ्यांच्या चौकटी व दारे गावोगावच्या घरांना लागतात. परंतु ओंडक्याची फळी करण्याची विद्या मनुष्यास साध्य होण्यापूर्वी कितीतरी सहस्रके त्याने ओंडका आतून कोरून त्याचा डोंगा केला होता. नेदरलँड्स देशात पेस या गावाजवळ रस्त्याचे काम चालू असता १९५५ साली असा एक कोरीव डोंगा सापडला. तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. त्याची लांबी जेमतेम तीन मीटर आहे.

वैनगंगा, वर्धा, इंद्रावती या नद्यांच्या काठी डोंगा हा शब्द अजून जिवंत आहे. मासे धरणे, पैलतीरावरील शेतात जाणे, बाजार गाठणे ही कामे डोंग्यावाचून होत नाहीत अशी गावे आजही आहेत. याच डोंग्याचे एक दूरचे भावंड जगाच्या क्रीडांगणावर ऑलिंपिक पदकांसाठी धावते, ही गोष्ट मात्र त्या गावांतील फार थोड्या मुलांना ठाऊक असते. ज्या मुलाच्या हाती वल्हे आहे त्याला ते आपल्या हीन स्थितीचे चिन्ह वाटते, आणि वर्गातील इतर मुलेही त्याला तसेच मानतात. हा गैरसमज दूर करणे, व त्याचबरोबर पाण्यासंबंधी शिस्त बाणविणे, हे या पाठाचे मुख्य प्रयोजन आहे. अनुभवातील वस्तूपासून ज्ञानाकडे नेणारी समवाय पद्धती १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आली. त्या पद्धतीला डोंग्याइतकी सोयीची वस्तू क्वचितच मिळेल.

पाठाचे उद्देश

१. कॅनू, कयाक आणि रोइंग यांतील भेद विद्यार्थ्यांना सांगता यावा.
२. होडीचा आकार, तिचा वेग व तिची स्थिरता यांचा परस्परसंबंध प्रयोगाने कळावा.
३. अंतर, काळ व वेग यांची उदाहरणे खऱ्या शर्यतींवरून सोडविता यावीत.
४. जलप्रवासातील सुरक्षिततेचे नियम समजून ते अंगी बाणावेत.

साहित्य : जगाचा व भारताचा नकाशा, हलक्या लाकडाचे सारख्या वजनाचे दोन ठोकळे, दोरा, रिकामे रीळ, लहान दगड, खिळा, ओली माती, पाण्याने भरलेला हौद. लाकडाचे तुकडे गावच्या सुताराकडे अनायासे मिळतात. सावरीचे लाकूड हलके व मऊ असल्यामुळे या कामास चांगले.

प्रस्तावना

शिक्षकांनी पाठाचा आरंभ प्रश्नांनी करावा. गावात डोंगा किंवा होडी कोणाकडे आहे? ती कशाची केली आहे? वल्हे मारणारा कोणत्या दिशेला तोंड करून बसतो? होडी उजवीकडे वळवावयाची असल्यास तो काय करतो? या प्रश्नांची उत्तरे ढीमर वा भोई कुटुंबातील मुले नेमकी देतील. त्यांना फळ्याजवळ बोलावून कृती करून दाखविण्यास सांगावे. त्या दहा मिनिटांत मागच्या बाकावरील मूल वर्गाचा शिक्षक होते, आणि हा पाठाचा लहान भाग नव्हे.

विषय-प्रतिपादन

*(अ) तीन प्रकारच्या होड्या.* उत्तर ध्रुवाजवळील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइट लोकांनी लाकूड व हाडे यांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून जी बंदिस्त शिकारी होडी केली, ती कयाक. तीत बसून, पाय पुढे पसरून, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावीउजवीकडे आळीपाळीने मारतात. उत्तर अमेरिकेतील आदिवासींनी भूर्जाच्या सालीची व कोरलेल्या खोडाची जी उघडी होडी वापरली, ती कॅनू. शर्यतीच्या कॅनूत खेळाडू एका गुडघ्यावर बसतो आणि एकाच पात्याचे वल्हे एकाच बाजूस मारतो. कयाकला पायाने फिरविण्याचे लहान सुकाणू असते. कॅनूला सुकाणू नसते, म्हणून होडी सरळ ठेवण्याचे कौशल्य वल्ह्याच्या फटक्यातच असावे लागते. डोंगा हा अर्थातच कॅनूचा सगोत्र.

रोइंग हा तिसरा प्रकार निराळा समजावा. तेथे वल्हे होडीच्या काठाशी अडकविलेले असते आणि खेळाडू जावयाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. महाराष्ट्राला याचे उदाहरण जवळचे आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाल्यावर हा खेळ शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत ते तेराव्या क्रमांकावर आले, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ज्या गावात पाण्याचेच दुर्भिक्ष, तेथील तरुण पाण्यावरील खेळात आशियात पहिला आला, ही घटना मुलांना अवश्य सांगावी.

*(आ) खेळाचा इतिहास.* जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने १८६५ साली ओक व सीडर या लाकडांची एक लहान होडी करवून घेतली, तिला ‘रॉब रॉय’ हे नाव दिले आणि युरोपातील नद्या-सरोवरांतून तिच्यातून प्रवास केला. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये कॅनू खेळणाऱ्यांचा पहिला संघ स्थापन झाला. १९२४ साली या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना निर्माण झाली, आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखविण्यात आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यास पदकांचा मान मिळाला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा स्वीडनमधील व्हॅक्सहोम येथे १९३८ साली झाली.

स्त्रियांना मात्र वाट पाहावी लागली. १९४८ साली लंडनमध्ये कयाकची एक शर्यत त्यांच्यासाठी ठेवण्यात आली. कॅनूची शर्यत मात्र टोकियो ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे २०२१ सालापर्यंत, त्यांना मिळाली नाही. पुरुषांच्या पहिल्या ऑलिंपिक कॅनू-शर्यतीनंतर तब्बल ८५ वर्षांनी हे दार उघडले. दरम्यानच्या काळात स्त्रियांनी आपली योग्यता सिद्ध केली नव्हती असे नाही. जर्मनीच्या बिर्गिट फिशर यांनी १९८० साली वयाच्या १८ व्या वर्षी कयाकमध्ये पहिले सुवर्णपदक जिंकले आणि २००४ साली ४२ व्या वर्षी आठवे. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टन यांनी २०१२ ते २०२४ या काळात आठ सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी तीन एकट्या पॅरिस येथील आहेत. पुरुषांत स्वीडनच्या गर्ट फ्रेड्रिक्सन यांची १९४८ ते १९६० या काळातील सहा सुवर्णपदके प्रसिद्ध आहेत.

*(इ) शर्यतीचे स्वरूप.* वेगशर्यती संथ पाण्यावर, सरळ रेषेत होतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नऊ मार्ग आखलेले असतात आणि प्रत्येक मार्ग नऊ मीटर रुंद असतो. मुख्य अंतरे २००, ५०० व १००० मीटर. जागतिक स्पर्धेत ५००० मीटरची दीर्घ शर्यतही असते. होडीचे नाव एका अक्षराने व एका अंकाने सांगतात. के म्हणजे कयाक, सी म्हणजे कॅनू, आणि अंक म्हणजे खेळाडूंची संख्या. म्हणून के-१ म्हणजे एकट्याची कयाक, व सी-२ म्हणजे दोघांची कॅनू. सी-२ मध्ये एकाचे वल्हे उजवीकडे तर दुसऱ्याचे डावीकडे पडते. दोघांचा ताल जुळला नाही तर होडी वाकडी जाते.

के-१ होडीची लांबी ५२० सेंटिमीटरहून अधिक असू नये व वजन १२ किलोग्रॅमहून कमी असू नये, असा नियम आहे. चौघांची के-४ होडी ११ मीटरपर्यंत लांब असते. पूर्वी या होड्या पातळ लाकडी थर चिकटवून करीत. आता काचतंतू व कार्बनतंतू यांचा उपयोग होतो. पदार्थ बदलला, परंतु लांब, अरुंद व दोन्हीकडे निमुळता हा आकार डोंगा कोरणाऱ्याने शोधला तोच राहिला.

*(ई) समुद्र नसलेला देश.* नकाशावर हंगेरी दाखवावा. या देशाला समुद्रकिनारा मुळीच नाही. तरीही कयाक-कॅनूमध्ये तो जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे. तिसा नदीकाठच्या सेगेड या शहरात २०१९ ची जागतिक स्पर्धा झाली. नद्या, सरोवरे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले क्रीडामंडळांचे शिक्षण ही त्या देशाची खरी संपत्ती. विदर्भालाही समुद्र नाही. परंतु वैनगंगेसारखी नदी आहे, आणि भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेल्या माजी मालगुजारी तलावांची परंपरा आहे. तुलना करताना विद्यार्थ्यांनी स्वतःच विचारावे की उणीव पाण्याची आहे, की शिक्षणाची व साधनांची.

*(उ) भारताची कामगिरी.* १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सिजी सदानंदन व जॉनी रोमेल यांनी सी-२, १००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. हे या खेळातील भारताचे पहिले आशियाई पदक. त्यानंतर जवळजवळ तीन दशके गेली. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे त्याच शर्यतीत अर्जुन सिंग व सुनील सिंग सलाम यांनी ४ मिनिटे ५३.३२९ सेकंदांत अंतर कापून पुन्हा कांस्यपदक आणले. सुनील सिंग हे मणिपूरमधील लोकटाक सरोवराच्या परिसरातले, आणि त्यांचे वडील मच्छीमार. ज्या पाण्यावर वडिलांनी जाळे टाकून संसार चालविला, त्याच पाण्याने मुलाच्या हाती पहिले वल्हे दिले.

अपंग खेळाडूंच्या शर्यती २०१६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहेत. त्यांचे अंतर २०० मीटर असते. ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांच्या पायांत बळ नाही. भोपाळच्या तलावावर त्यांनी सराव केला, टोकियो पॅरालिंपिकची अंतिम फेरी गाठली, आणि २०२३ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत एक सुवर्ण व एक रौप्य पदक जिंकले. अपंगांच्या स्पर्धेत एक होडी अशी असते की तिच्या एका बाजूस आधारासाठी लाकडी दांड्याने जोडलेला तरंगता ओंडका असतो. कोकणात यास उलांडी म्हणतात. पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे लोक आणि कोकणातील कोळी यांनी एकच युक्ती योजिली, हे मुलांना फार आवडते.

ब्राझीलच्या इसाकियास केइरोझ यांचीही कथा सांगण्याजोगी आहे. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे त्यांचे एक मूत्रपिंड काढावे लागले. नदीकाठच्या उबाइटाबा या लहान गावातून आलेल्या या खेळाडूने २०१६ साली एकाच ऑलिंपिकमध्ये तीन पदके मिळविली आणि टोकियो येथे सी-१, १००० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकले.

प्रयोग

*पहिला.* एक ठोकळा ४० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर रुंद, दुसरा २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद असा घ्यावा. जाडी व वजन सारखे असावे. दोन्हींच्या पुढील टोकांस सारखाच निमुळता आकार द्यावा. ठोकळ्यास दोरा बांधून तो हौदाच्या काठावरील रिळावरून खाली सोडावा व टोकाला लहान दगड लावावा. एकाच दगडाच्या ओढीने कोणता ठोकळा लवकर काठाला लागतो, ते पाहावे. अरुंद ठोकळा पुढे कमी पाणी लोटतो, म्हणून तो अधिक वेगाने जातो.

*दुसरा.* आता दोन्ही ठोकळ्यांच्या काठावर बोटाने सारखाच दाब द्यावा. अरुंद ठोकळा चटकन कलतो. नंतर त्यावर मध्यभागी खिळा ठोकून खिळ्याच्या डोक्यावर मातीचा गोळा बसवावा. तोच गोळा आधी ठोकळ्याला चिकटवून व मग खिळ्यावर चढवून पाहावा. भार उंच गेला की ठोकळा उलटतो. यावरून निष्कर्ष विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. वेग देणारा अरुंदपणाच स्थिरता हिरावून घेतो, आणि डोंग्यात उभा राहणारा मनुष्य म्हणजे खिळ्यावरचा गोळा होय.

अंकगणित

१. टोकियो येथे हंगेरीच्या बालिंत कोपास यांनी के-१, १००० मीटर शर्यत ३ मिनिटे २०.६४३ सेकंदांत जिंकली. वेग दर सेकंदास किती मीटर? (उत्तर : सुमारे ४.९८ मीटर, ताशी सुमारे १७.९ किलोमीटर.)

२. अर्जुन सिंग व सुनील सिंग यांचा २०२३ मधील वेग काढा. (उत्तर : दर सेकंदास सुमारे ३.४१ मीटर, ताशी सुमारे १२.३ किलोमीटर.) होडीचा प्रकार व वाऱ्याची स्थिती भिन्न असता दोन वेगांची सरळ तुलना करणे योग्य आहे काय, याची चर्चा करावी.

३. टोकियो येथे लिसा कॅरिंग्टन यांनी २०० मीटर अंतर ३८.१२० सेकंदांत कापले. याच वेगाने १००० मीटर जाता आले असते तर किती वेळ लागला असता? (उत्तर : १९०.६ सेकंद.) प्रत्यक्षात तसे का घडत नाही?

४. २०१६ साली रिओ येथे २०० मीटर कयाक शर्यतीत स्पेनचे साउल क्राव्हिओतो व जर्मनीचे रोनाल्ड राउहे हे दोघेही ३५.६६२ सेकंदांत पोहोचले, व दोघांना कांस्यपदक देण्यात आले. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात होडी किती पुढे सरकते? (उत्तर : सुमारे अर्धा सेंटिमीटर.) दशांश अपूर्णांकाचे तिसरे स्थान कशाला हवे, हे या उदाहरणावरून मुलांना आपोआप पटते.

उपयोजन : पाण्याची शिस्त

येथवर पाठ आनंदाचा आहे. परंतु तो येथेच थांबविणे कर्तव्याला सोडून होईल. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातील आप्तेष्टांना जलसमाधी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगा ओलांडून मिरची तोडण्यास निघालेल्या मजूर स्त्रिया नाव उलटून बुडाल्या. शर्यतीतील खेळाडू पोहण्यात तरबेज असतो, त्याच्यावर पंचांची दृष्टी असते आणि मदतीची होडी जवळ असते. मजुरीला जाणाऱ्या स्त्रीजवळ यांपैकी काहीच नसते. म्हणून नदीकाठच्या शाळेत हा भाग वगळता कामा नये.

पुढील नियम विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्यावेत व घरी वाचून दाखविण्यास सांगावेत.

१. प्रथम पोहणे, मग वल्हे. जाणत्या प्रौढाच्या देखरेखीवाचून कोणीही पाण्यात उतरू नये.
२. होडीत चढताना जीवरक्षक जॅकेट अंगावर घालून त्याचे बंद आवळावेत. उशाखाली ठेवलेले जॅकेट कोणास वाचवीत नाही.
३. होडीच्या शक्तीहून अधिक माणसे बसू नयेत. कोणी उभे राहू नये, सर्वांनी एका बाजूस झुकू नये, छायाचित्रासाठी जागा बदलू नये.
४. पूर आला असता, वारा सुटला असता वा अंधार पडला असता होडी लोटू नये. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल.
५. होडी उलटल्यास, ती तरंगत असेल तर तिला धरून राहावे.
६. कोणी बुडत असल्यास न शिकलेल्याने उडी घेऊ नये. बांबू, दोर, साडी पुढे करावी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा, आणि मोठ्याने हाक मारावी.

सहावा नियम शाळेच्या मैदानावर कृती करून शिकवावा. एका मुलाने जमिनीवर आडवे राहून दोर धरावा, दुसऱ्याने काठावर पालथे पडून तो ओढावा. उभ्याने ओढणारा स्वतःच पाण्यात ओढला जातो, हे त्यांना अनुभवाने कळेल. मुलांना प्रत्यक्ष नदीवर वा तलावावर नेऊन होडीत बसविण्याचा मोह मात्र शिक्षकांनी टाळावा. तरबेज मार्गदर्शक, पुरेशी जॅकेटे व पालकांची संमती ही तिन्ही असल्यावाचून ते करू नये.

संकलनाचे प्रश्न

१. कॅनू व कयाक यांत बसण्याची रीत व वल्हे यांबाबत कोणता भेद आहे?
२. सी-२ व के-४ या खुणांचा अर्थ सांगा.
३. समुद्र नसताही हंगेरी या खेळात पुढे का आहे?
४. अरुंद होडीचा गुण कोणता व दोष कोणता?
५. उलांडीचा उपयोग काय?
६. डोंग्यात उभे का राहू नये? प्रयोगाच्या आधारे उत्तर द्या.

गृहपाठ

गावातील होडी चालविणाऱ्या एखाद्या वृद्धास भेटून डोंग्याच्या भागांची, लाकडाची व नदीच्या धोक्याच्या जागांची नावे लिहून आणावीत. सर्व मुलांच्या नोंदी एकत्र करून गावच्या नदीचा किंवा तलावाचा एक नकाशा करावा. भोवरे, खोल डोह, निसरडे काठ व सुरक्षित उतार त्यावर लाल व हिरव्या रंगाने दाखवावेत, आणि तो नकाशा पावसाळ्यापूर्वी शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावा.

शिक्षकांस सूचना

या पाठातून प्रत्येक मूल खेळाडू होणार नाही, व तशी अपेक्षाही नाही. डोंगा वल्हविणाऱ्याच्या मुलाला आपल्या घरच्या विद्येचा अभिमान वाटला, मुलींना वल्हे आपल्यासाठीही आहे असे कळले, आणि गर्दीने भरलेल्या नावेत पाय ठेवण्यापूर्वी एखाद्या मुलाने आईचा पदर धरून तिला थांबविले, तर तीन तासिकांचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.